‘ऑफ माइस अँड मेन’मधली कर्लीची बायको : लेखकाने तिच्यावर अन्याय केला आहे का?

वाचनवेडी_सोलापूर

आमच्या वाचनगटाने या वेळी जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ साली प्रसिद्ध झालेली छोटेखानी कादंबरी वाचायला घेतली होती. जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरते शेतमजूर कॅलिफोर्नियातल्या सोलेदाद गावाजवळच्या एका रँचवर, म्हणजे मोठ्या शेतमळ्यावर, कामाला येतात आणि स्वतःचा जमिनीचा तुकडा घेऊन सुखाने राहण्याचे स्वप्न एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात. गुरुवारी संध्याकाळी सुरू झालेली ही गोष्ट रविवारी त्या स्वप्नाच्या आणि लेनीच्याही शेवटाने संपते. गटातली चर्चा अपेक्षेप्रमाणे या दोघांच्या मैत्रीवरच रंगली. मला मात्र त्या रँचवरच्या एकुलत्या एका बाईबद्दल बोलायचे आहे, आणि गटात तेवढा वेळ मिळाला नाही म्हणून हा धागा काढला आहे.

तिला नाव नाही. मालकाचा मुलगा कर्ली याची ती बायको, एवढीच तिची ओळख. लग्नाला दोन आठवडे झाले आहेत, आणि ती आपल्यासमोर येण्याआधीच झाडलोट करणारा म्हातारा कँडी नव्या मजुरांपाशी तिची कुचाळकी करून मोकळा झालेला असतो. ती मजुरांच्या खोलीच्या दारात उभी राहते तेव्हा लेखक आपल्याला तिचे रंगवलेले ओठ, लाल नखे आणि लाल पिसांचे तुरे लावलेल्या सपाता दाखवतो. ती जाताच जॉर्ज तिला शिव्या देतो आणि लेनीला तिच्यापासून दूर राहायला बजावतो. पुढे जवळजवळ प्रत्येक वेळी ती ‘कर्लीला शोधते आहे’ हेच निमित्त सांगत येते आणि प्रत्येक वेळी पुरुष तिला तिथून घालवू पाहतात.

तिची खरी हकीकत आपल्याला कळते ती पुस्तक संपत आल्यावर. ती जवळच्या सालिनास गावात वाढली. पंधरा वर्षांची असताना गावात आलेल्या एका फिरत्या नाटक मंडळीतल्या नटाने तिला बरोबर चल म्हटले, पण आईने जाऊ दिले नाही. नंतर सिनेमात असल्याचे सांगणारा दुसरा एक जण ‘हॉलिवूडहून पत्र पाठवतो’ म्हणाला आणि ते पत्र कधी आले नाही. ते आईनेच दडवले, अशी तिची समजूत झाली आणि त्या रागात तिने कर्लीशी लग्न केले. तबेल्यात लेनीला एवढे सांगून होते न होते तोच त्याच्या हातून तिची मान मोडते.

माझे मत असे की लेखकाने तिला आधी नटवी म्हणून उभे केले, मग घाईघाईने चार पाने सहानुभूतीची दिली आणि पुरुषांच्या शोकांतिकेला कारण हवे म्हणून तिला मारले. हा त्या काळच्या पुरुष लेखकाचा आंधळेपणा आहे, की तो मुद्दामच तसे दाखवतो आहे? ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सातरस्ता

मी असहमत आहे. ही कादंबरी लिहितानाच ती रंगमंचावर जवळजवळ जशीच्या तशी उभी करता यावी असा लेखकाचा प्रयत्न होता. म्हणून प्रत्येक प्रकरण एका जागी घडते, बहुतेक मजकूर संवादांचा आहे आणि निवेदक सहसा कोणाच्याही मनात शिरत नाही. जॉर्जच्या मनातही तो शिरत नाही. बाईबद्दल आपल्याला फक्त पुरुषांची बडबड ऐकू येते, कारण त्या खोलीत फक्त पुरुष राहतात. नाव न देण्याचेही तेच. ते तिचे नाव कधी घेत नाहीत, म्हणून आपल्यालाही ते कळत नाही. नवरासुद्धा तिला हाक मारताना दिसत नाही. हा आंधळेपणा लेखकाचा असता तर त्याने शेवटी तबेल्यातला तो प्रवेश लिहिलाच नसता.

शेंगाचटणी

या कादंबरीतली सर्वांत सुखी स्त्री लेनीची आत्या क्लारा आहे, कारण कथानक सुरू होण्यापूर्वीच तिची या मंडळींपासून सुटका झालेली आहे.

जुनीमिल

धागाकर्त्या ताईंनी तिची कैफियत मांडली आहे, पण एक पान त्यांनी सोयीस्करपणे उलटले आहे असे मला वाटते. शनिवारच्या रात्री सगळे तरणे मजूर गावात मौज करायला जातात आणि मागे तिघे उरतात : हात गमावलेला कँडी, बुद्धीने मूल राहिलेला लेनी आणि पाठीत बाक असलेला कृष्णवर्णीय क्रुक्स, ज्याला इतर मजुरांच्या खोलीत पाऊल टाकायचीही मनाई आहे. ही बाई तिथे येते. क्रुक्स तिला आपल्या खोलीतून जायला सांगतो, आणि ती त्याला शांतपणे बजावते की मी मनात आणले तर तुला झाडाला लटकवणे अगदी सोपे आहे. तो माणूस जागच्या जागी आक्रसून जातो.

ही धमकी तोंडातून सहज निसटलेली नव्हती. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या बाईने नुसते बोट दाखवले म्हणून काळ्या माणसांना जमावाने ठार मारल्याची उदाहरणे होती, आणि ते तिला पुरेपूर ठाऊक होते. एकाकीपणाबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु एकाकी माणूस निर्दोषच असतो असे मानायला मी तयार नाही. क्रुक्ससुद्धा एकाकीच आहे, आणि पुस्तकातली एकाकीपणावरची सर्वांत नेमकी वाक्ये त्याच्याच तोंडी आहेत.

इंग्रजीची_मास्तरीण

जुनीमिल यांनी योग्य पानावर बोट ठेवले आहे. हे पुस्तक मी अनेक वर्षे वर्गात शिकवले आहे आणि माझ्या अनुभवाने मुलांचे दोन तट याच पानावर पडतात. फक्त त्या प्रसंगाचा पुढचा भागही पाहायला हवा.

ती आत येते तेव्हा म्हणते की दुबळे तेवढे सगळे मागे ठेवून गेले. ही हिणवणी आहे, पण ती स्वतःही मागेच ठेवलेली आहे, कारण कर्लीही त्या रात्री इतरांबरोबर गावात गेला आहे आणि तो कुठे गेला आहे याची तिला कल्पना आहे. ते तिघे तिला टाळायला लागल्यावर ती चिडते, आणि ज्या एका माणसावर तिची सत्ता चालू शकते त्याच्यावर ती चालवते. तिच्याकडे स्वतःचे असे काहीही नाही. जे आहे ते गोऱ्या कातडीचे आणि नवऱ्याच्या नात्याचे उसने बळ आहे.

आता या धमकीचा परिणाम पाहावा. थोड्या वेळापूर्वीच क्रुक्सने, आयुष्यभराचा अविश्वास बाजूला ठेवून, त्यांच्या जमिनीच्या बेतात मलाही घ्या, मी फुकट काम करीन, असे विचारलेले असते. ती निघून गेल्यावर तो कँडीला सांगतो की ते विसर, मी थट्टा करत होतो. जिचे स्वप्न आईने, नटाने आणि न आलेल्या पत्राने मोडले, तीच बाई दुसऱ्याचे स्वप्न जन्मल्यापासून घटकाभरात मोडते. स्टाइनबेकने तिला बिचारी करून ठेवले नाही, यात मला तिचा अपमान दिसत नाही. बिचारी बाई लिहायला सोपी असते.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लेनीच्या तोंडावरच्या जखमा पाहून ती ताडते की कर्लीचा हात यंत्रात सापडला ही थाप आहे आणि तो याने मोडला आहे. त्यावर ती मनापासून खूश होते. लग्नाला दोन आठवडे झालेली बाई नवऱ्याचा हात मोडणाऱ्याला शाबासकी देते, यावरून त्या घरात काय चालत असेल ते आपण समजून घ्यावे. लेखकाने त्या घराचे दार एकदाही उघडलेले नाही.

शेंगाचटणी

मास्तरीणबाई, ‘आपण समजून घ्यावे’ हे वाक्य ऐकून मला पुन्हा बारावीत बसल्यासारखे वाटले. मुद्दा मात्र पटला.

विडीघरकुलची_लेक

मी साहित्याची अभ्यासक नाही, हिशेब लिहिण्याची नोकरी करते, त्यामुळे या पुस्तकातले आकडे माझ्या लक्षात राहिले.

जॉर्जने पाहून ठेवलेली जमीन ६०० डॉलरला मिळणार असते. मजुरी महिन्याला ५० डॉलर आहे. कँडी म्हणतो की माझ्याजवळ मिळून ३५० डॉलर होतील. त्यातले २५० त्याला रँचवर हात गेल्याची भरपाई म्हणून मिळालेले आहेत. त्या क्षणापासून तिघांचे स्वप्न अचानक खरे वाटू लागते, जॉर्जसुद्धा हरखून जातो, कारण आता फक्त एखाद्या महिन्याची मजुरी जमवायची बाकी असते. पुरुषांचे स्वप्न कितीही भाबडे असले तरी त्याला भाव आहे, भांडवल आहे आणि मुदत आहे. तुटलेल्या हाताचीसुद्धा त्यांच्या जगात किंमत ठरलेली आहे.

तिच्या स्वप्नाचा असा हिशेब मांडताच येत नाही. तिच्याजवळ पगार नाही, बचत नाही, आणि तिने घरात केलेल्या कामाचे मोल कोणी धरत नाही. तिचे भांडवल म्हणजे चेहरा, आणि तो चालेल की नाही हे ठरवणार कोणीतरी अनोळखी पुरुष, तोही पत्र पाठवेल तेव्हा. म्हणून ती भोळी ठरते आणि जॉर्ज व्यवहारी ठरतो. माझी आई आयुष्यभर विड्या वळत होती. त्या कामाने तिची पाठ गेली आणि छातीही गेली, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण हजार विड्यांचा दर काय हे तिला माहीत होते, आणि पेटीच्या तळाशी स्वतःचे थोडे पैसे ठेवून तिने मला शिकवले, त्यासाठी तिला कोणाच्या पत्राची वाट पाहावी लागली नाही. कर्लीच्या बायकोला कोणी एखादे काम दिले असते तर ती दिवसभर दारोदार उभी राहिली नसती, असे मला फार वाटते.

पुणेकर_झालेला_सोलापूरकर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्याला जोडून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे ऊसतोडीला नवराबायको जोडीने जातात आणि मुकादम उचलही त्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर देतो. बाईच्या कष्टांना तिथे अंत नसतो, पण अड्ड्यावर दुसऱ्या बाया असतात, पहाटे एकत्र उठणे असते, भांडणे असतात, गाणी असतात. कॅलिफोर्नियातले हे मजूर एकेकटे, पाठीवर वळकटी टाकून फिरणारे पुरुष होते. त्यामुळे त्या रँचवर तिला बोलायला दुसरी बाईच नाही. सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण नाही. आपल्याकडच्या कादंबरीत अशा सुनेला निदान एखादी मोलकरीण मैत्रीण म्हणून मिळाली असती.

जुनीमिल

किंवा छळायला सासू मिळाली असती. छळ झाला असता, पण अबोला झाला नसता.

पडदा_उघडा

या विषयावर नाटकवाल्याने बोललेच पाहिजे. कादंबरी आली त्याच वर्षी, १९३७च्या नोव्हेंबरात, न्यू यॉर्कला तिचे नाटक रंगमंचावर आले. रूपांतर स्वतः स्टाइनबेकचेच होते आणि दिग्दर्शक होते जॉर्ज कॉफमन. या मुलीची भूमिका नाटकात अधिक भरीव करावी, असे कॉफमन यांनी सुचवले होते आणि लेखकाने ते बऱ्यापैकी मानले. नाटकात ती शेवटच्या अंकात तबेल्यात येते ती छोटी बॅग घेऊन, घर सोडून जाण्याच्या बेताने. कादंबरीत ही बॅग नाही. म्हणजे कादंबरीतली बाई मरते तेव्हा मन मोकळे करत असते, आणि नाटकातली बाई मरते तेव्हा निघालेली असते. नटीच्या दृष्टीने हा जमीनअस्मानाचा फरक आहे.

तिची भूमिका क्लेअर ल्यूस या अभिनेत्रीने केली होती. स्टाइनबेकने तिला १९३८ साली पत्र लिहून ही मुलगी समजावून सांगितली आहे. तिला लहानपणापासून धाकात वाढवले गेले, कोणावर विश्वास ठेवायला ती शिकलीच नाही, तिच्या भोवतीच्या तटबंद्या पार करून कोणी आत गेले तर त्याला एक भली, सरळ मुलगी भेटेल आणि तो शेवटी तिच्यावर प्रेम करू लागेल, असा त्याचा आशय आहे. पुढे १९३९ साली लुईस माइलस्टोन यांच्या चित्रपटात तिला मे हे नावही मिळाले. धागाकर्त्या ताईंना हे ऐकून बरे वाटेल, अशी आशा आहे.

आम्ही हौशी मंडळींनी एकदा तबेल्याचा तो एकच प्रवेश मराठीत करून बसवला होता. तालमीत आम्हाला कळले की हा संवाद नाहीच. ती हॉलिवूडबद्दल बोलते, आणि लेनीच्या डोक्यात फक्त एवढेच असते की आपल्या हातून मेलेले कुत्र्याचे पिल्लू लपवायचे कसे, नाहीतर जॉर्ज त्या स्वप्नातल्या जमिनीवर सशांची देखभाल करू देणार नाही. ती म्हणते की मी हे आजवर कोणाला सांगितलेले नाही, आणि समोरचा माणूस ससे घोळवत असतो. आमची नटी विचारायची की हा ऐकत नाही हे माझ्या पात्राला कळते का? मी तिला सांगितले की कळते, आणि तरीही ती बोलत राहते. जॉर्ज आपले स्वप्न सांगतो तेव्हा लेनी त्याला मध्येच पुढचे वाक्य सुचवतो, कँडी कान देऊन ऐकतो, क्रुक्ससारखा माणूसही शेवटी विरघळतो. पुरुषांच्या स्वप्नाला असा ठेका धरणारे साथीदार आहेत, आणि तिचे स्वप्न पहिल्यांदाच उच्चारले जाते ते न ऐकणाऱ्या माणसापुढे.

सातरस्ता

पडदा_उघडा यांचा शेवटचा परिच्छेद मला फार आवडला. पण त्या पत्राचा आधार मी घेणार नाही. लेखकाने नटीला लिहिलेले पत्र म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तकात जर ती भली, सरळ मुलगी दिसत असेल तर पत्राची गरज नाही, आणि दिसत नसेल तर पत्राने ती तिथे येणार नाही. नाव देण्यानेही काय साधले, याबद्दल मला शंका आहे. नाव मिळाले की ती त्या एका मुलीची गोष्ट होते. नाव नसताना कर्लीच्या मालकीचा जो वास त्या ओळखीला येतो, तो तसाच राहायला हवा.

विडीघरकुलची_लेक

सातरस्ता, हे वाक्य नाव असलेल्या माणसालाच सुचू शकते.

शेंगाचटणी

इथे सर्वांनी टोपणनावे घेतलेली आहेत, हे मी नम्रपणे नमूद करतो.

हिप्परग्याचा_पक्षी

थोडे विषयांतर होईल, पण ते या प्रश्नाशी जोडलेले आहे. स्टाइनबेक स्वतः सालिनासचा, जन्म १९०२ चा. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच १९३७ साली त्याची ‘द क्रिसॅन्थेमम्स’ ही कथाही मासिकातून प्रसिद्ध झाली. तीही सालिनासच्या खोऱ्यातच घडते आणि तिच्यातही शेतावरची एक एकाकी बायको आहे. तिला नाव आहे, एलिसा. ती शेवंतीची झाडे जीव लावून वाढवते. भांडी दुरुस्त करत फिरणारा एक माणूस दारात येतो, फुलांबद्दल कुतूहल असल्याचे भासवतो, आणि ती हरखून त्याला रोपे देते. संध्याकाळी नवऱ्याबरोबर गावाकडे जाताना तिला तीच रोपे रस्त्यावर फेकलेली दिसतात. माणसाने कुंडी तेवढी ठेवून घेतलेली असते.

या कथेत सबंध वेळ आपण एलिसाच्याच सोबत असतो. तिचे कणखर हात, तिने नटण्यासाठी घेतलेला वेळ, शेवटी नवऱ्याला दिसू नये म्हणून वळवलेले तोंड, सगळे तिच्या बाजूने लिहिलेले आहे. पुढे दोनच वर्षांनी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये त्याने जोड कुटुंबाची आई लिहिली, जी सगळ्या घराला धरून ठेवते. तेव्हा या माणसाला बाई कळत नव्हती असे म्हणता येत नाही. एकाच वर्षी, एकाच खोऱ्यात, एका बाईला त्याने मधोमध ठेवले आणि दुसरीला दारात उभे केले, हा त्याचा निर्णय आहे. धागाकर्त्या ताईंच्या प्रश्नाला हे माझे उत्तर.

शेंगाचटणी

विषयांतर सुरूच आहे तर हेही सांगतो. ‘ऑफ माइस अँड मेन’च्या हस्तलिखिताचा बराच भाग लेखकाच्या कुत्र्याच्या पिल्लाने फाडून टाकला होता आणि त्याला तो पुन्हा लिहावा लागला. कर्लीच्या बायकोचे नाव त्याच पानांवर असावे, असा माझा नम्र सिद्धान्त आहे.

इंग्रजीची_मास्तरीण

कुत्र्याचा विषय निघालाच आहे तर शेंगाचटणींना गंभीर उत्तर देते. या कादंबरीत कँडीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला कार्लसन नावाचा मजूर बाहेर नेऊन गोळी घालतो. तो आवाज येईपर्यंतची शांतता लेखकाने पानभर ताणली आहे, मजूर पत्ते पिसतात, कोणीतरी काहीतरी बोलायला बघतो, कँडी छताकडे पाहत पडून राहतो आणि अखेर भिंतीकडे तोंड फिरवतो. कुत्र्यासाठी तिथे शोक आहे. आता तिचा मृत्यू पाहावा. कँडीला तिचे प्रेत दिसते आणि जॉर्ज निघून गेल्यावर तो तिला शिव्या घालतो की तूच सगळ्याचा नाश केलास. नवरा येतो आणि लगेच बंदूक आणायला धावतो. बायकोजवळ थांबतोस का, असे मजुरांमधला मानाचा गडी स्लिम त्याला सुचवतो, ते तो झिडकारतो. तिच्या मनगटाला हात लावणारा, गालाला बोट लावणारा एकटा स्लिम.

मी वर्गात एवढेच विचारत असे की ज्या कँडीने कुत्र्यासाठी तोंड फिरवले, त्याने तिच्यासाठी काय केले. मुले बराच वेळ गप्प बसत. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, कुत्रा त्याचा होता.” त्या उत्तरात मला भर घालता आली नाही.

पुणेकर_झालेला_सोलापूरकर

आईबद्दल कोणीच बोलले नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला अनोळखी नटाबरोबर पाठवले नाही म्हणून ही माउली कादंबरीत कायमची खलनायिका झाली. मला स्वतःला मुलगी आहे आणि मीही तेच केले असते. गड्ड्याच्या जत्रेत आलेल्या एखाद्या मंडळीबरोबर सोलापुरातल्या कोणत्या आईने मुलगी धाडली असती?

विडीघरकुलची_लेक

आईने अडवले ते बरोबरच होते. पण अडवल्यानंतर तिला दुसरा कोणता रस्ता दाखवला, हे पुस्तकात कुठेच नाही. पत्र दडवलेस का, या प्रश्नाला आईने नाही म्हटले, आणि मुलीचा त्यावर विश्वास बसला नाही. मला तर वाटते की पत्र आलेलेच नसणार. पण ‘आईने चोरले’ असे धरले की स्वप्न जिवंत राहते, आणि ‘त्याने पाठवलेच नाही’ असे मानले की सगळेच संपते. ती कर्लीशी लग्न करते ते कर्लीसाठी नाही, आईपासून दूर जाण्यासाठी. आमच्या वस्तीत अशी लग्ने मी पाहिली आहेत आणि त्यातल्या मुलींना कोणी भोळ्या म्हणत नाही, निर्लज्ज म्हणतात.

वाचनवेडी_सोलापूर

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. हिशेबाचा आणि न ऐकणाऱ्या श्रोत्याचा, हे दोन्ही मुद्दे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. क्रुक्सच्या बाबतीत जुनीमिल काकांशी मी भांडणार नाही. ती क्रूर वागते, आणि ते तसेच शिकवले गेले पाहिजे.

मात्र माझा मूळ प्रश्न अजून संपलेला नाही. सातरस्ता म्हणतात की निवेदक सहसा कोणाच्या मनात शिरत नाही. तिच्या बाबतीत तो एकदा ठळकपणे शिरतो, आणि तेही ती मेल्यावर. ती गवतावर पडलेली असताना निवेदक म्हणतो की दुष्टावा, बेत, असमाधान आणि कोणीतरी आपल्याकडे पाहावे ही तळमळ आता तिच्या चेहऱ्यावरून गेली होती, आणि ती गोड, साधी, लहान दिसत होती. हे लिहिणारा कँडी नाही, जॉर्ज नाही. ही लेखकाची स्वतःची वाणी आहे. बाईच्या मनात इच्छा होती तोवर ती त्याला लाल नखांची दिसली आणि इच्छा संपल्यावर सुंदर दिसली. पुरुषांची नजर दाखवणे आणि ती नजर स्वतः बाळगणे यांतली रेघ या वाक्यात पुसली गेली आहे, असे माझे म्हणणे आहे.

सातरस्ता

हे वाक्य मी पुन्हा काढून वाचले. त्यात ‘तळमळ’ हे तुम्ही योग्य टिपले आहे, आणि मला ते नेमके उलटे वाचता येते. तोपर्यंत सगळ्यांनी जिला चाळवणारी बाई म्हटले, तिच्या वागण्यामागे फक्त कोणीतरी आपल्याकडे पाहावे ही तळमळ होती, असा निवाडा निवेदक इथे देतो, आणि लगेच पुढे कँडीच्या तोंडून तिला शिव्या ऐकवतो. ही दोन वाक्ये जवळजवळ ठेवण्यात हेतू आहे. इच्छा गेल्यावर ती सुंदर झाली असे नसून, भीती गेल्यावर झाली, असे मी म्हणेन. तुम्हाला ते पटणार नाही, याची कल्पना आहे.

वाचनवेडी_सोलापूर

नाही पटले. भीती हा शब्द त्या यादीत नाही.

पडदा_उघडा

तुमच्या या वादात एक गंमत आहे. नाटकात निवेदक नसतो, त्यामुळे हे वाक्य रंगमंचावर येतच नाही. तिथे ती फक्त पडून राहते आणि तिच्याभोवती पुरुष बंदुकांची आणि पाठलागाची चर्चा करतात. म्हणजे नाटकाने तिला बॅग दिली आणि हे वाक्य काढून घेतले. कादंबरीने वाक्य दिले, पण बॅग दिली नाही. दोन्हींतले एकच ठेवायचे झाले तर काय ठेवाल?

वाचनवेडी_सोलापूर

बॅग. त्यात काय भरले होते, हेही मला पाहायला आवडेल.

सातरस्ता

मी वाक्य ठेवीन. रविवारच्या बैठकीला मीही येतो आहे, तिथे पुढे भांडू.

शेंगाचटणी

बैठकीला खायला काय आहे, हे कोणीच लिहिलेले नाही.